आवृत्तीचा प्रश्न : ‘नमपाय’च्या इतिहासाच्या निमित्ताने

‘आवृत्ती’ हा शब्द आपण साहित्याचे अभ्यासक जपून वापरतो. कवितेची ओळ उद्धृत करताना ती कोणत्या आवृत्तीतील, हे नोंदवल्याशिवाय आपले समाधान होत नाही. मात्र शब्दांची वारंवारिता किंवा शैलीची मोजमापे संगणकावर काढताना, मोजणी करणाऱ्या आज्ञावलीची आवृत्ती नोंदवण्याचे भान आपल्याला सहसा राहत नाही. ही उणीव किरकोळ नाही, हे ‘नमपाय’ या लायब्ररीच्या इतिहासावरून ध्यानात येते. लायब्ररी म्हणजे येथे ग्रंथालय नव्हे. इतरांनी लिहून ठेवलेल्या आणि आपल्या प्रोग्राममध्ये वापरता येणाऱ्या आज्ञावलींचा तो संच असतो.

पायथन ही भाषा 1991 साली प्रसिद्ध झाली. ती वाचायला सुबोध, पण मोठ्या आकडेमोडीत संथ. म्हणून 1995 मध्ये जिम ह्यूगनिन यांनी ‘न्यूमरिक’ ही लायब्ररी सी भाषेच्या आधाराने रचली. पुढे ‘न्यूमअरे’ ही दुसरी लायब्ररी निघाली आणि वापरणाऱ्यांत फूट पडली. ट्रॅव्हिस ऑलिफंट यांनी हे दोन्ही प्रवाह एकत्र आणले व 2006 मध्ये नमपायची 1.0 आवृत्ती सिद्ध झाली.

परंतु नमपाय स्वयंभू नाही. रेषीय बीजगणितासाठी ती ‘ब्लास’ (1979) आणि ‘लॅपॅक’ (1992) यांच्या परंपरेवर विसंबते. या दोन्हींची जडणघडण 1957 पासून चालत आलेल्या फोरट्रान भाषेत झाली. सी आणि फोरट्रानमधील मजकूर आधी कंपाइल करावा लागतो, म्हणजे त्या त्या प्रोसेसरच्या व ऑपरेटिंग सिस्टिमच्या यंत्रभाषेत उतरवावा लागतो. एकेकाळी हे काम बहुधा वापरणाऱ्याच्याच माथी येई. योग्य कंपायलर नसला की इन्स्टॉलेशन अर्ध्यावर थांबे. 2013 साली आधीच कंपाइल केलेल्या पॅकेजसाठी ‘व्हील’ हे स्वरूप मान्य झाले, 2016 साली लिनक्ससाठी ‘मेनीलिनक्स’ हा संकेत ठरला आणि एका ओळीच्या आज्ञेवर काम भागू लागले. श्रम मात्र संपले नव्हते. ते लायब्ररीची देखभाल करणाऱ्यांकडे गेले आणि आपल्या दृष्टीआड झाले.

जून 2024 मध्ये 2.0 आवृत्ती आली, तेव्हा हे दडलेले थर पुन्हा वर आले. 1.x आवृत्तीच्या आधारे कंपाइल झालेल्या इतर लायब्रऱ्या नव्या नमपायसोबत चालेनात. त्या नव्याने कंपाइल होईपर्यंत अनेकांना जुन्याच आवृत्तीवर थांबावे लागले.

हा बिघाड निदान दिसणारा होता. त्याच आवृत्तीतील दुसरा बदल अधिक सूक्ष्म आहे. 32-बिट दशांश संख्येत पायथनची साधी दशांश संख्या मिळवली, तर पूर्वी उत्तर 64-बिट येई. आता ते 32-बिट येते. म्हणजे प्रोग्राम तोच, संहिता तीच, आणि तरीही उत्तराची अचूकता वेगळी, तीही कोणतीही सूचना न मिळता. आपल्या परिभाषेत याला पाठभेदच म्हणावे लागेल.

तेव्हा प्रत्येक अभ्यासप्रकल्पासाठी स्वतंत्र परिसर राखावा, त्यातील लायब्रऱ्यांची आवृत्तीक्रमांकासह यादी जतन करावी, आणि अद्ययावतीकरण आधी वेगळ्या परिसरात करून जुनी व नवी उत्तरे ताडून पाहावीत. ही यादी प्रबंधाच्या संदर्भसूचीशेजारीच छापली जायला हवी. हस्तलिखितांचे पाठ ताडून पाहण्याची सवय आपल्याला आहेच. ती येथेही लावायची आहे, इतकेच.