गांधीजींचं गळू आणि सोलापूरच्या गिरणीमालकाचा बंगला

गळू चिरून घरी आलेल्या बाईला आपल्याकडे तिसऱ्या दिवशी विचारतात, "अजून बरं नाही वाटत का गं?" म्हणून आज शंभर वर्षांपूर्वीच्या एका दुखण्याची हकिकत सांगते. तिचा एक धागा आपल्या सोलापुरात येतो.

1922 साली गांधीजींना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना येरवड्याच्या तुरुंगात ठेवलं. जानेवारी 1924 मध्ये त्यांच्या पोटात असह्य दुखू लागलं. अपेंडिक्स सुजलं होतं. त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवलं आणि 12 जानेवारीच्या रात्री कर्नल मॅडॉक या इंग्रज डॉक्टरांनी ऑपरेशन केलं. त्याआधी गांधीजींनी संमतीच्या कागदावर थरथरत्या हातानं सही केली. आज आपल्याकडूनही दवाखान्यात अशीच सही घेतात. ऑपरेशन चालू असताना वादळ झालं आणि वीज गेली. नर्सच्या हातातली बॅटरीही विझली. शेवटचं काम कंदिलाच्या उजेडात उरकलं.

ऑपरेशन नीट झालं, पण पुढे त्या जागी गळू धरलं आणि तब्येत सुधारायला वेळ लागू लागला. 5 फेब्रुवारीला सरकारनं उरलेली शिक्षा माफ करून त्यांना सोडलं. सुटका झाली, तरी ससूनमधून निघायला मार्च उजाडला.

तेव्हा जंतू मारणारी औषधं नव्हती. पेनिसिलिनचा शोध 1928 चा, आणि ते लोकांपर्यंत पोचायला आणखी दहा-पंधरा वर्षं गेली. पू झाला की तो बाहेर काढायचा, जखम स्वच्छ ठेवायची आणि अंगात ताकद भरेपर्यंत पडून राहायचं, एवढंच हाती होतं. आज गोळ्या आहेत, पण हे तीनही नियम तसेच आहेत. गळू चिरल्यावर डॉक्टर बहुतेक वेळा टाके घालत नाहीत, जखम उघडी ठेवतात. ती तळातून वर भरत यायला हवी. वरची कातडी आधी मिटली तर आत पुन्हा पू साठतो. म्हणून ड्रेसिंग चुकवायचं नाही, आणि हळद, राख, तंबाखू जखमेत भरायची नाही. ताप आला, लाली पसरली, ठणका वाढला की लगेच दवाखाना गाठायचा. साखरेचं दुखणं असेल तर जखम भरायला आणखी वेळ लागतो.

आता सोलापूरचा धागा. विश्रांतीसाठी गांधीजी मुंबईजवळ जुहूला समुद्रकाठच्या बंगल्यात राहिले. बंगला नरोत्तम मोरारजी यांचा. आपल्याकडे जिला 'जुनी गिरणी' म्हणतात, ती त्यांचे वडील मोरारजी गोकुळदास यांनी 1877 च्या सुमारास सुरू केली. तिच्या भोंग्यावर सोलापुरातली कितीतरी घरं उठायची, जेवायची, झोपायची.

जुहूला गांधीजी मेच्या अखेरपर्यंत होते. म्हणजे ऑपरेशनपासून साडेचार महिने! तिथंही मोतीलाल नेहरू, चित्तरंजन दास यांच्याशी चर्चा झाल्याच. एप्रिलपासून त्यांनी 'यंग इंडिया' आणि 'नवजीवन'चं संपादन पुन्हा हाती घेतलं. पण ते काम बसून करायचं होतं. पाण्याची घागर उचलायची नव्हती.

ते मोठे होते, त्यांना बंगला मिळाला, असं तुम्ही म्हणाल. खरंच आहे. पण त्यांच्या जखमेचं मांस आणि आपलं मांस वेगळं नाही. विड्या वळायला तासन्‌तास एका जागी बसणारी बाई माकडहाडाजवळचं गळू लाजेनं सांगत नाही. बाळंतिणीच्या छातीत पू झाला तर बाळाला दृष्ट लागली म्हणतात. आणि चिरा दिल्यावर चौथ्या दिवशी ती चुलीपुढे बसलेली असते, कारण विड्या मोजून दिल्याशिवाय मजुरी नाही.

बंगला आपण देऊ शकत नाही, पण खुरपणीला सावड करतोच ना? तशीच दुखण्यातही करता येईल. एकीनं पाणी भरायचं, दुसरीनं भाकऱ्या थापायच्या, तिसरीनं ड्रेसिंगला सोबत जायचं. गटाच्या अंतर्गत कर्जातून मजुरीची खोट भरून निघते. त्या महिन्याचा हप्ता पुढे ढकलायचा ठराव बैठकीत घेता येतो. येत्या बैठकीत हा विषय पहिला घ्या, आणि आशाताईंनाही बोलवा.