नव्वदीतले पैलवान

"आजी, तू बस, पाणी मी आणतो." हे वाक्य मी दिवसातून दहादा म्हणतो आणि स्वतःला गुणी नातू समजतो. परवा खुर्चीतून उठताना आजीला दोन्ही हातांनी रेटा द्यावा लागला. "८४ वय, चालायचंच!" इति समस्त नातेवाईक. पण खरंच नुसत्या वयानेच होतं का हे? शनिवारची दुपार शोधाशोधीत गेली आणि भन्नाट इतिहास हाती लागला.

बॉस्टनमधलं हिब्रू रिहॅबिलिटेशन सेंटर. मारिया फिआतारोने या डॉक्टरबाईंनी तिथल्या दहा थकलेल्या आजी-आजोबांना चक्क वजनं उचलायला लावली! सरासरी वय ९०. आठवड्यातून तीन दिवस, फक्त मांड्यांचा व्यायाम. वजनही लुटुपुटूचं नाही. ज्याला जास्तीत जास्त जेवढं उचलता येईल त्याच्या ८० टक्के. आठ आठवडे नऊ जण टिकले. त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, दोघांची काठी सुटली! हे छापून आलं १९९० साली. मेख एवढीच, की व्यायाम थांबवल्यावर चार आठवड्यांत ३२ टक्के ताकद गेली.

मग खाण्याचं काय? १९९४ मध्ये त्यांनी शंभर जणांचे चार गट केले: व्यायाम, पौष्टिक पेय, दोन्ही आणि दोन्ही नाही. व्यायाम करणाऱ्यांची ताकद ११३ टक्क्यांनी वाढली, न करणाऱ्यांची जेमतेम ३. नुसत्या पेयाने काही साधलं नाही. गंमत म्हणजे रोजचा एकूण आहार वाढला तो फक्त व्यायाम आणि पेय दोन्ही असलेल्यांचा. म्हणजे बदामाचा शिरा भरवून आजीला बसवून ठेवणं फुकट!

पुढे २००१ मध्ये लिंडा फ्रीड आणि सहकाऱ्यांनी या जर्जरपणाच्या पाच खुणा ठरवल्या: आपोआप घटणारं वजन, सततचा थकवा, सैल पकड, मंद चाल, कमी हालचाल. तीन जुळल्या की धोका. आमच्याकडे तीन जुळतात. त्यातली शेवटची तर मीच लावलेली, प्रेमाने.

असो. डॉक्टरांना विचारून आलोय. जेवणात वरण, दही, अंडं वाढवलंय आणि खुर्चीतून हात न टेकता उठबस सुरू केलीय. आज सकाळी चार झाल्या. पाचव्याला आजी म्हणाली, "पुरे रे मेल्या, चहा टाक."

म्हटलं, "तूच टाक."

टाकला की तिने!