चाकावाचूनचा घडा

मडकं म्हटलं की कुंभाराचं फिरतं चाक डोळ्यांपुढे येतं. पण चाकाचा शोध लागण्याच्या हजारो वर्षं आधीपासून माणूस मडकी घडवतो आहे. मातीच्या लांब वळ्या करायच्या, एकीवर एक रचायच्या आणि सांधे बोटांनी लिंपायचे, ही एक जुनी रीत. घराच्या अंगणात बसून करावी अशी.

नायजेरियातल्या ग्वारी बायकांनी ती सांभाळली. तिथल्या क्वाली गावात १९२५च्या सुमारास लादी क्वाली जन्मल्या. हौसा भाषेत लादी म्हणजे रविवारी जन्मलेली. घरातल्या वडीलधाऱ्या स्त्रीकडून त्या हे काम शिकल्या. गोळा ठोकून बूड करायचं आणि त्यावर वळ्या चढवायच्या. इथे मडकं फिरत नाही, घडवणारी बाईच त्याच्याभोवती फिरते. ओल्या अंगावर पाली, साप, मगरी कोरायच्या आणि गवत-लाकडाच्या उघड्या जाळात भाजायचं. असं मडकं झिरपतं, म्हणून आतलं पाणी गार राहतं. आपल्या माठाचंच हे शास्त्र.

मायकेल कार्ड्यू या इंग्रज कुंभाराने त्यांचे घडे अबुजाच्या, म्हणजे आजच्या सुलेजाच्या, अमीराच्या वाड्यात पाहिले. कार्ड्यूने तिथे सुरू केलेल्या प्रशिक्षण केंद्रात १९५४ साली लादी दाखल झाल्या. केंद्रातल्या त्या पहिल्या स्त्री. तिथे त्या चाकही शिकल्या, पण मोठे घडे हातानेच उभारत राहिल्या. फरक एवढाच, की आता त्यांवर काचेसारखी झिलई चढली आणि ते बाराशे अंशांहून अधिक तापलेल्या भट्टीत भाजले जाऊ लागले. लंडनमध्ये त्यांची प्रदर्शनं झाली. १९७७ साली अहमदू बेलो विद्यापीठाने त्यांना सन्माननीय डॉक्टरेट दिली. १९८४ साली त्या गेल्या. आज नायजेरियाच्या २० नायरांच्या नोटेमागे घडा घडवणाऱ्या लादी दिसतात.

हा मान त्यांच्या हक्काचाच. पण एक गोष्ट विसरू नये. झिलई चढलेला घडा झिरपत नाही, त्यामुळे पाणी गार करत नाही. कलादालनात त्याला जागा मिळाली, पण घरातलं काम सुटलं. काम करणारे घडे गावोगावच्या बायका घडवत होत्या. ते वापरात फुटले आणि घडवणारीचं नाव त्यांच्यासोबतच गेलं. कलादालनापासून मोजलं, तर ही गोष्ट १९५४ साली सुरू होते. पाण्यापासून मोजलं, तर ती फार जुनी आहे आणि त्या निनावी बायकांची आहे.