वंशावळ कोणी लिहिली?

अणदूरच्या आमच्या घरात एक वाक्य तीन-चार पिढ्या चालत आले आहे : ‘आपल्यातला एक जण टेलरसाहेबाच्या बुकात आहे.’ हे वाक्य नेहमी आवाज खाली आणून उच्चारले जाई. मात्र त्या खालच्या आवाजात संकोचाइतकाच थोडा अभिमानही असे. आजोबांच्या मते हा पूर्वज फाशीगार होता, म्हणजे वाटसरूंशी सलगी करून रुमालाने त्यांचा गळा आवळणाऱ्या ठगांच्या टोळीतला. आजोबांच्या थोरल्या बहिणीला, आम्हां सर्वांच्या आक्कांना, हे मान्य नव्हते. ‘आपल्या माणसानं कुणाचा गळा दाबला नाही. पावसाळ्यात त्यांना वाड्यात राहू दिलं, एवढंच,’ असे त्या म्हणत. लहानपणी मला अर्थातच आजोबांची कथा आवडे. कागदपत्रांच्या नादी लागल्यावर मात्र खरा प्रश्न आक्कांच्या ‘एवढंच’मध्ये दडलेला आहे, असे ध्यानात येत गेले.

प्रथम साहेबाविषयी. फिलिप मेडोज टेलर (1808–1876) हा पंधराव्या वर्षी, 1824 साली मुंबईस आला आणि निजामाच्या चाकरीत शिरला. ठगांच्या बंदोबस्ताच्या काळात त्याने हैदराबाद राज्यात कबुलीजबाब घेतले व त्यांच्या आधारे ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ ही कादंबरी 1839 साली प्रसिद्ध केली. 1853 च्या तहाने निजामाने वऱ्हाडाबरोबर आमचा मुलूखही इंग्रजांच्या हवाली केला, तेव्हा टेलर नळदुर्गास जिल्ह्याचा मुख्य अधिकारी होऊन आला आणि 1857 पर्यंत तेथे राहिला. नळदुर्ग अणदूरच्या अगदी शेजारचे. म्हणजे ‘बुक’ छापले गेले त्यानंतर चौदा वर्षांनी ‘साहेब’ आमच्या परिसरात आला. घरच्या स्मृतीने कादंबरीकार टेलर आणि कलेक्टर टेलर यांची एकच मूर्ती घडवली, हे उघड आहे. कौटुंबिक दंतकथेचा शोध घेणाऱ्याने सुरुवात या साध्या तारखांच्या पडताळणीपासून करावी. दंतकथा खोटी ठरली तरी ती का घडली, हे त्यातून समजू लागते.

आमच्या भागात पूर्वजांचा माग काढण्याचे मार्ग तसे परिचित आहेत. सीमाभागात हेळवी येतात. घराण्याची नावे पिढीवार म्हणून दाखवणे आणि नव्या जन्मांची नोंद घेणे हा त्यांचा वंशपरंपरागत व्यवसाय. तीर्थक्षेत्री उपाध्यायांची बाडे असतात. तेथे यात्रेस आलेल्या यजमानाचे नाव, गाव, आजा-पणजा सापडतो. या दोन्ही नोंदी घराण्याच्या इच्छेने, घराण्याने दक्षिणा देऊन झालेल्या असतात. साहजिकच त्यांत दान असते, यात्रा असते, विवाह असतात, दरोडा नसतो. आमच्या हेळव्याच्या वहीत सात पिढ्या सलग आहेत आणि तीत कोणीही टेलरसाहेबाच्या बुकात गेलेले नाही.

गुन्हेगारांचीही वंशावळ या देशात लिहिली गेली, पण ती वेगळ्या हातांनी. विल्यम स्लीमन याने 1836 साली कलकत्त्यास छापलेल्या ‘रामासीआना’ या ग्रंथात ठगांच्या सांकेतिक बोलीच्या शब्दकोशासोबत ठग घराण्यांचे वंशवृक्षही दिले. माफीच्या साक्षीदारांनी तोंडी सांगितलेले बाप, चुलते, मेहुणे त्यांत ओळीने मांडले आहेत. हे काम इतिहासाच्या हौसेने झालेले नव्हते. त्याच वर्षीच्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत कधीही सामील असणे एवढ्याच कारणास्तव जन्मठेप देता येऊ लागली. विशिष्ट खून सिद्ध करण्याची निकड उरली नाही. टोळीशी असलेले नाते दाखवणे पुरेसे झाले. अशा वेळी वंशावळ हाच पुरावा बनतो. हेळव्याच्या वहीत नाव येणे हा मान. स्लीमनच्या वंशवृक्षात नाव येणे म्हणजे अटकेची पूर्वतयारी.

साहित्याच्या अभ्यासकाने येथे टेलरची कादंबरी पुन्हा उघडावी. तिचा नायक अमीर अली 719 खुनांची गणती सांगतो, ही गोष्ट सर्वांच्या लक्षात राहते. तो जन्माने ठग नाही, याचा मात्र अनेकदा विसर पडतो. त्याच्या आईबापांचा खून करणारा इस्माईलच त्याला मुलगा म्हणून वाढवतो. आणि पुढे अमीर अली नकळत स्वतःच्या सख्ख्या बहिणीच्या मृत्यूस कारण होतो. मारलेल्या वाटसरूंची लहान मुले टोळीने सांभाळल्याचे उल्लेख प्रत्यक्ष जबान्यांतही येतात. म्हणजे ज्याला ठगांचा वंश म्हटले गेले, त्यात बळी पडलेल्यांचेही रक्त होते. ज्या काळात सरकार वंशवृक्ष काढत होते, त्याच काळात सरकारच्याच एका अधिकाऱ्याने लिहिलेली ही कथा रक्ताचा सिद्धान्त आतून पोखरते. टेलरला तसे अभिप्रेत होते असा माझा दावा नाही. पण त्याने रचलेले कथानक तेच सांगते.

आता आक्कांच्या वाक्याकडे येऊ. ठगांच्या टोळ्या वर्षभर रस्त्यावर नसत. पावसाळ्यात त्यांतील अनेक जण गावी शेती करीत. त्यांना आसरा देणारे पाटील व जमीनदार होते, लुटीत त्यांचा वाटा असे. चंबळ खोऱ्यातील सिंदौस परगण्यात तर ठगांच्या घरांवर वेगळी पट्टी आकारली जाई. या गोष्टी खुद्द इंग्रज अधिकाऱ्यांनी नोंदवल्या आहेत. स्टुअर्ट गॉर्डन, राधिका सिंघा, किम वॅगनर या अभ्यासकांनी पुढे दाखवले की, कालीभक्तांचा एक अखिल भारतीय गुप्त पंथ हे चित्र बव्हंशी वसाहतीच्या कल्पनेतून उभे राहिले; प्रत्यक्षात दिसतात त्या स्थानिक सत्तेच्या छायेत वाढलेल्या, बेकार शिपाई आणि गरजू कुळे यांच्या टोळ्या. असे असूनही आसरा देणाऱ्या वाड्यांचे वंशवृक्ष कोणी काढले नाहीत. त्यांचे वंशज वतनाच्या कागदांत मानाने राहिले. गळा आवळणारा वंशावळीसह नोंदला गेला, वाटा घेणारा ‘एवढंच’ म्हणून सुटला.

अमेरिकेतील इटालियन घराण्यांचा इतिहास या संदर्भात उद्बोधक ठरतो. न्यू ऑर्लिन्स शहरात 1890 साली पोलीसप्रमुख हेनेसी याचा खून झाला आणि पुढच्या वर्षी 14 मार्च रोजी जमावाने तुरुंगात घुसून अकरा इटालियनांना ठार केले. ‘माफिया’ हा शब्द तेव्हा एका साऱ्या समाजाला चिकटला. 1951 मध्ये सिनेटर केफॉवर यांच्या समितीने देशव्यापी माफिया असल्याचा निष्कर्ष काढला. जोसेफ अल्बिनी यांच्यासारख्या संशोधकांनी त्याविषयी गंभीर शंका घेतल्या. फ्रान्सिस इयानी यांनी 1972 च्या ‘अ फॅमिली बिझनेस’ या ग्रंथात एका गुन्हेगारी कुटुंबाच्या चार पिढ्यांचा अभ्यास मांडला. नंतरच्या पिढ्या मोठ्या प्रमाणात सनदशीर व्यवसायांत गेल्याचे त्यांना आढळले. म्हणूनच आज तिकडचा एखादा नातू पणजोबा टोळीत होता का, याचा शोध कुतूहलाने घेऊ शकतो. उत्तर होकारार्थी आले तरी त्याच्या दारात पोलीस येत नाहीत.

आपल्याकडे हे कुतूहल सर्वांना परवडणारे नाही. 1871 च्या गुन्हेगार जमाती कायद्याने ठगांच्या बाबतीत आजमावलेली रीत संपूर्ण जमातींना लागू केली. विणकराचा मुलगा विणकर, तसा चोराचा मुलगा चोर, असा युक्तिवाद त्यामागे होता. हा कायदा प्रथम उत्तरेत आला, 1911 नंतर त्याची व्याप्ती वाढली. सोलापुरात तारेच्या कुंपणातील वसाहत उभी राहिली आणि तिच्यातील माणसांना हजेरी द्यावी लागे. तो परिसर आजही ‘सेटलमेंट’ याच नावाने ओळखला जातो. 31 ऑगस्ट 1952 रोजी कायदा रद्द झाला, पण संशय रद्द झाला नाही. तुरुंगांच्या नियमावल्यांत विमुक्त जमातींविषयी उरलेले जातिनिष्ठ उल्लेख काढून टाकण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयाला थेट ऑक्टोबर 2024 मध्ये द्यावा लागला.

लक्ष्मण गायकवाड यांचे ‘उचल्या’ (1987) हे आत्मकथन या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. गायकवाड लातूरजवळच्या धनेगावचे. 1982 पर्यंत लातूर आमच्याच उस्मानाबाद जिल्ह्यात होते. घराण्याचा गुन्ह्याशी असलेला संबंध त्यांनी लपवला नाही : खिसे कापण्याचे शिक्षण, पोलिसांच्या धाडी, उपासमार आणि या सर्वांतून शाळेत गेलेला मुलगा. पोलिसांच्या नोंदवहीत बंदिस्त असलेली वंशावळ वंशजाने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहिली, हे या पुस्तकाचे ऐतिहासिक मोल मला सर्वांत मोठे वाटते. चोरी का घडते आणि तिच्यातून कोणाकोणाचे हात ओले होतात, हे प्रश्न त्यामुळे कुटुंबाच्या कथेत प्रथमच आले.

आमच्या पूर्वजाचे नाव मला कोठल्याही वंशवृक्षात मिळाले नाही. पूर्वी मी यास अपयश समजत असे. आक्कांचे म्हणणे खरे असेल, तर नाव न मिळणे हेच अपेक्षित आहे. कारण आसरा देणाऱ्याचा कागद होतच नसे. ज्या घराला हेळव्याची सात पिढ्यांची वही लाभली, त्या घराने आपला पूर्वज थोर ठग होता अशी रोमांचक कथा सांगत राहणे आणि त्याच गावाच्या वेशीबाहेर पाल ठोकणाऱ्या पारध्याकडे मात्र संशयाने पाहणे, यातील विसंगती मला आता सोसवत नाही.

हेळवी पुन्हा येईल तेव्हा त्याला एक ओळ वाढवायला सांगायचे मी ठरवले आहे : या घराने फाशीगारांना आसरा दिला, असे घरातील एका वडीलधाऱ्या बाईचे सांगणे होते. तो लिहील की नाही, कोण जाणे. न लिहिल्यास मी लिहीन.