जुन्या मोटारीचा रेडिएटर : तांबे-पितळ की ॲल्युमिनियम?

जुन्या मोटारीचा गळका रेडिएटर बदलताना तांबे-पितळ घ्यावे की ॲल्युमिनियम, हा प्रश्न वरकरणी कारागिराचा. वस्तुतः तो इतिहासाचाही आहे. विल्हेल्म मायबाख यांनी १९००-०१ च्या मर्सिडीज ३५ एचपी मोटारीसाठी आठ हजारांहून अधिक बारीक नळ्या डाखाने जोडून मधपोळ्यासारखा रेडिएटर सिद्ध केला. पुढे कित्येक दशके पितळी नळ्या, तांब्याची पाती आणि शिसे-कथलाचा डाख हीच रचना रूढ राहिली.

ॲल्युमिनियम उष्णता अधिक वाहते म्हणून ते पुढे आले, हा समज चुकीचा आहे. तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, ॲल्युमिनियमची सुमारे २३५ वॅट प्रति मीटर-केल्विन. मात्र तांबे तिपटीहून जड, आणि डाख दुबळा. भट्टीत सांधे एकजीव करण्याचे तंत्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्रगत झाल्यावर ॲल्युमिनियमच्या रुंद, भक्कम नळ्या शक्य झाल्या. निर्णायक ठरला तो धातूपेक्षा सांधा.

शर्यतीत उतरणाऱ्या मोटारीस ॲल्युमिनियम खुशाल बसवावे. संग्राह्य मोटारीचे तसे नाही. डाखाचा सांधा पुन्हा डाखता येतो. गंजरोधक शीतक वेळेवर न बदलल्यास ॲल्युमिनियमला मात्र छिद्रे पडतात. ‘फिवा’ या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या २०१३ च्या तुरीन सनदेनुसार आवश्यक फेरबदलही मूळ रूपास बाधा न आणणारे आणि पूर्ववत करता येण्याजोगे असावेत. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ टाक्या राखून आतील गाभा तेवढा तांबे-पितळेचा नवा घालणे, हाच मार्ग सनदेशी सर्वाधिक सुसंगत ठरतो, मग त्यास खर्च अधिक आला तरीही.