रबराच्या फेसाची गादी

बोरीवलीच्या डोंगरात माघ-फाल्गुनात काटेसावर फुलते. तिचा कापूस उशीत भरावा, गादीचा कापूस पिंजाऱ्याकडून पिंजून घ्यावा, ही आपली जुनी रीत. या रीतीला धक्का दिला तो रबराच्या फेसाने. फोम रबर म्हणतात ते हेच. त्यात दोन जातींचे रबर का मिसळले गेले, ते आज पाहू.

रबराच्या झाडाला काप दिला, की दुधासारखा चीक पाझरतो. त्यात साधारण तिसरा हिस्सा रबर. बाकी बहुतेक पाणी. हा चीक दाट करून, साबण घालून घुसळायचा आणि त्याचा फेस करायचा, हे तंत्र १९२९ साली इंग्लंडमधील डनलॉप कंपनीत ई. ए. मर्फी यांनी बसविले. अंड्याचा पांढरा बलक फेटतात ना, तसेच! पण नुसता फेस बसून जातो. म्हणून त्यात सोडियम सिलिकोफ्लोराइड घालतात. मग तो साच्यात दह्यासारखा विरजतो. वर वाफ दिली, की आधी मिसळलेल्या गंधकाने रबर पक्के होते. आतली छिद्रे एकमेकांना जोडलेली असतात. दाबले की हवा बाहेर, सोडले की पुन्हा आत.

१९४२ साली जपानने मलाया व जावा घेतले आणि दोस्तराष्ट्रांचा रबरपुरवठा बहुतेक तुटला. तेव्हा अमेरिकेने स्टायरीन व ब्युटाडाइन यांपासून कृत्रिम रबराचे मोठे कारखाने उभारले. युद्ध संपले, मलायाचा चीक पुन्हा येऊ लागला. पण कृत्रिम चीक गेला नाही. अडचणीत आलेला पाहुणा गुणांमुळे घरचाच झाला.

गुण कोणते म्हणाल, तर नैसर्गिक रबर चिवट. त्याचा ओला फेस साच्यातून काढताना सहसा फाटत नाही, आणि दाब सुटताच तो चटकन उसळतो. पण मळा बदलला, ऋतू बदलला, की चीक बदलतो. कृत्रिम चीक कारखान्यात मापाने होतो, म्हणून एकसारखा. मात्र एकट्याचा ओला फेस दुबळा असतो. दोन्ही मिसळले, की एकाचे बळ आणि दुसऱ्याचा सारखेपणा, दोन्ही पदरात पडतात. कडक थंडीत नैसर्गिक रबर ताठरते, तेही मिश्रणात कमी होते. आपल्याकडे १९६३ साली बरेलीत असे कृत्रिम रबर होऊ लागले, तेही कशापासून? साखर कारखान्यांतील मळीच्या अल्कोहोलापासून!

आज दुकानात नुसते ‘फोम’ म्हणून मिळते ते बहुधा पॉलियुरेथेन; त्यात रबर नसते. तेव्हा पैसे मोजण्यापूर्वी विचारा: रबर आहे का, आणि असल्यास नैसर्गिक किती, कृत्रिम किती?

आणि एक लक्षात ठेवा. पावसाळा सरला, की आपण कापसाची गादी गच्चीवर उन्हात घालतो. रबराची गादी तशी घालू नका, बरं का! ऊन आणि हवा मिळून दोन्ही जातींच्या रबराचे रेणू तोडतात. गादीचा हळूहळू भुगा होतो. तिला वारा द्या, पण सावलीत.