मारी दागू : उमरावपत्नी आणि इतिहासकार

पाश्चात्त्य संगीताच्या इतिहासात काउंटेस मारी दागू हिची ओळख आपल्याला बहुधा लिस्टची प्रेयसी म्हणूनच होते. १८३५ साली पती व प्रतिष्ठा सोडून ती या संगीतकाराबरोबर जिनिव्हास गेली, हे खरेच. परंतु तेवढ्यावरच तिचे चरित्र संपविणे अन्यायाचे होय. पॅरिसला परतल्यावर तिने 'डॅनियल स्टर्न' या पुरुषी नावाने लेखणी हाती धरली. १८४८ च्या फेब्रुवारीत राजसत्ता कोसळली, तेव्हा या उमराव स्त्रीने प्रजासत्ताकाचा पक्ष घेतला व त्या क्रांतीचा इतिहास १८५० पासून खंडशः प्रसिद्ध केला. त्या क्रांतीने प्रौढ पुरुषांना मताधिकार दिला. फ्रेंच स्त्रियांना तो मिळावयास १९४४ साल उजाडावे लागले. जिला मत देता आले नाही, तिने इतिहासापुढे साक्ष दिली. आपण तिला ओळखावे ते या साक्षीवरून.